मेलेल्या दासीनं आपली आपण उठून जायचं

"दासी तू वाच. तुला फार अभिनय करावा लागणार नाही."

सर माझ्याकडे बघून म्हणाले आणि वर्ग हसला. मागच्या बाकांवरची मुलं मोकळी हसली. पुढच्या बाकांवरच्या मुली तोंडाला रुमाल लावून हसल्या. सर हसले नाहीत. त्यांनी पुस्तकाचं पान उलटलं आणि राजाचं काम कोणाला द्यायचं ते बघायला लागले.

मी खिडकीजवळच्या शेवटच्या बाकावर होते. ती जागाही सरांनीच दिलेली. वर्षाच्या सुरुवातीला मी पहिल्या बाकावर बसले होते. हजेरी घेता घेता सर थांबले, नाक जरा वर केलं आणि म्हणाले, "तू खिडकीशी बस. वारा येऊ दे." एवढंच. मी वही उचलली आणि गेले. का म्हणून कोणी विचारलं नाही. मीही नाही.

माझ्या कपड्यांना शेणाचा वास यायचा. यायचाच. आम्ही जोगेश्वरीला लेण्यांच्या अलीकडे एका म्हशींच्या तबेल्याला लागून राहायचो. बाबा शेण काढायचे, आई दुधाचे कॅन घासायची. आमची खोली पत्र्याची आणि तिची एक भिंत तबेल्याची. झोपले की डोक्याशी म्हशींचं रवंथ ऐकू यायचं. सकाळी मी अंग घासघासून लाल करायचे. साडी धुऊन दोरीवर टाकली की वाळेपर्यंत वास पुन्हा तिच्यात शिरायचा. अंधेरीच्या कॉलेजात पोचेपर्यंत वाऱ्यानं जाईल म्हणून मी बसच्या दाराशी उभी राहायचे. तो जायचा नाही.

जात सरांनी कधी काढली नाही. त्यांना काढावी लागली नाही. आडनाव हजेरीत रोज वाचलं जायचं, आणि फी माफ असलेल्या फ्रीशिपवाल्यांनी उभं राहा म्हटलं की मी उभी राहायचे. आम्ही बौद्ध. बाबांनी दीक्षा घेतली तेव्हा मी कडेवर होते. घरात देव नव्हते, नवस नव्हते. पोरीनं शिकायचं, एवढं एकच व्रत आमच्या घरात होतं.

आणि मला मराठी शिकवायचं होतं. दुसरं काही नको होतं. त्यासाठी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला विशेष मराठी घ्यावं लागायचं आणि कोणाला घ्यायचं ते सर ठरवायचे. मोजकीच मुलं घ्यायचे. बाबांनी सांगून ठेवलं होतं, "मिळालं तर शिक. न्हाय मिळालं तर कल्याणच्या स्थळाला व्हय म्हणून टाकू." कल्याणचा मुलगा वाईट नव्हता. पण त्याच्या घरी पुस्तक नव्हतं आणि येण्याची शक्यताही नव्हती. म्हणजे सरांच्या मनात भरणं हा एकच रस्ता. त्यांच्या वर्गात मला बसवत नव्हतं आणि तो वर्ग सोडून जायला जागा नव्हती.

आता ते नाटक. नाव मुद्दाम लिहीत नाही. जुनं, गाजलेलं, पाच अंकी. सर त्याला आपल्या रंगभूमीची थोर शोकांतिका म्हणायचे. गोष्ट अशी. किल्ल्याच्या मनोऱ्यावरच्या दिव्याची खूण बघून एकदा शत्रू चालून आलेला असतो. म्हणून राजा भर दरबारात शपथ घेतो, की यापुढे मनोऱ्यावर जो दिवा लावील त्याला देहदंड, मग तो कोणीही असो. एकदा दिवा लागतो. लावलेला असतो युवराजानं, आपल्या प्रेयसीसाठी. राणीला ते कळतं. ती आपल्या दासीला बोलावते आणि सांगते, दिवा मी लावला असं दरबारात तू म्हण. दुसऱ्या अंकात राजा विचारतो, "दिवा कोणी लावला?" दासी म्हणते, "मी, महाराज." तिला तिथंच सिंहासनाच्या पायरीशी मारतात. पुढचे सगळे अंक राजाचे. खरं त्याला उमगतं, शपथेपायी तो पोटच्या पोराला मारतो, वेडा होतो, मरतो. थिएटरात बाया पदर ओले करायच्या.

दासीला आख्ख्या नाटकात तेवढंच वाक्य. नाव नाही. पात्रांच्या यादीत सगळ्यात खाली, 'एक दासी'.

सर वाईट शिकवायचे असं मी म्हणणार नाही. फार चांगलं शिकवायचे. राजाचं स्वगत वाचताना त्यांचा आवाज कापायचा, आणि शेवटच्या बाकावर माझ्याही अंगावर काटा यायचा. याचा मला पुढं फार राग आला. स्वगत झालं की ते फळ्याकडे वळायचे. एका बाजूला पात्र, दुसऱ्या बाजूला त्याचा स्वभाव. राजापुढे फळा भरून गेला. न्यायनिष्ठा, अहंकार, वात्सल्य, पश्चात्ताप. राणीपुढे मातृप्रेम. दासीपुढे एकच शब्द. स्वामिनिष्ठा. तो लिहून त्यांनी खडू ठेवला आणि हात झटकले.

मी हात वर केला. माझा हात वर आलेला बघायची त्यांना सवय नव्हती.

"सर, तिला दुसरं काही म्हणता आलं असतं का?"

"म्हणजे?"

"नाही म्हणाली असती तर राणीनं तिला जिवंत सोडलं असतं का?"

"तो प्रश्न नाटककाराच्या मनात नाही," सर म्हणाले. "बस."

माझ्या शेजारी फिलोमिना बसायची. गोराईची. होडीनं खाडी ओलांडून यायची. तिची आई मासळी विकायची, म्हणून तिलाही खिडकीच दिलेली. पहिल्याच आठवड्यात ती मला म्हणाली होती, "तुजं शेण नि माजं म्हावरं. बसू दोगी वाऱ्याला, काय गो!" त्या दिवशी तिनं बाकाखालून माझा हात दाबला. "कशाला नडतेस त्याला? तो तुला घेणार नाय मग."

मला ते कळत होतं. पण तोवर सरांनी निबंध लिहायला सांगितला होता, 'या शोकांतिकेतील स्वभावचित्रण आणि आशय'. मी तो लेण्यांच्या पायऱ्यांवर बसून लिहिला, कारण घरात दिवसा बसायला जागा नसायची. लिहायला बसले आणि हात थांबेना. मी लिहिलं, की दासी स्वामिनिष्ठ नाही, ती अडकलेली आहे. राजापुढे दोन रस्ते आहेत. शपथ मोडायची किंवा मुलगा मारायचा. दोन रस्ते आहेत म्हणून त्याला तळमळ आहे आणि तळमळ आहे म्हणून स्वगत आहे. दासीपुढे एकही रस्ता नाही, म्हणून तिला दोन शब्द. मी, महाराज. आणखी लिहिलं, की राजाचा दोष अहंकार नाही. मनोऱ्याची किल्ली दासीकडे कुठून येणार, दिवा लावून तिला कोणाला खूण करायची असणार, एवढं साधं राजानं विचारलं असतं तर खरं तिथल्या तिथं बाहेर आलं असतं आणि त्याचा मुलगाही वाचला असता. त्यानं विचारलं नाही. समोर दासी होती, म्हणून विचारावंसं वाटलं नाही. नाटकाची शोकांतिका तिथं होते. चौथ्या अंकात फक्त ती राजाला कळते.

मला वाटलं होतं, सर रागावतील पण मनातून म्हणतील, मुलीनं नाटक वाचलंय. मी तेव्हा एवढी भाबडी होते.

सरांनी मला प्राध्यापकांच्या खोलीत बोलावलं. समोर खुर्ची रिकामी होती. बस म्हणाले नाहीत.

"भाषा बरी आहे," ते म्हणाले. "तुमच्या मानानं तर फारच बरी. पण डोकं भडकलेलं आहे. एक लक्षात ठेव. शोकांतिका मोठ्या माणसाचीच होते. उंचावर असतो तोच पडतो. लहान माणूस मेला तर त्याला अपघात म्हणतात."

लाल शाईनं रेघा मारलेला निबंध त्यांनी माझ्याकडे सरकवला.

"हे पुन्हा लिहून आण. दासीची निष्ठा कशी उदात्त आहे, ते लिही. स्नेहसंमेलन झाल्यावर दे. मग विशेष मराठीचं बघू."

अपघात. हा शब्द मी आधी एकदा ऐकला होता.

माझी आत्या दुष्काळाच्या वर्षी गावाकडून आमच्याकडे आली. सातारकडची. नवरा गेलेला, पोटी मूल नाही. ती म्हशींसाठी टेकडीवरचं गवत कापायची. भारा डोक्यावर घेऊन उतरायची तेव्हा नुसते पाय दिसायचे आणि गवत चालत येतंय असं वाटायचं. मला म्हणायची, "तू मास्तरीण झालीस की मी तुझ्या शाळंत घंटा वाजवीन." एके दिवशी गवतात तिला साप चावला. बरोबरच्या दोन गवतवाल्या बायांनी तिला उचलून आणली आणि तबेल्याच्या दारात गोणपाटावर ठेवली. बाबा टॅक्सी बघायला धावले. ते टॅक्सी घेऊन परत येईपर्यंत ती गेली. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. तेवढ्यात दूध न्यायची गाडी आली. दारात आत्या, गाडीला आत येता येईना. ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. तबेल्याचा मालक बाहेर आला, बघितलं आणि म्हणाला, "अपघात हो गया, क्या करें. अब बाजू में लो इसको. दूध फट जाएगा."

आई, बाबा आणि त्या दोन गवतवाल्या बाया, चौघांनी तिला उचललं. गाडी आत गेली. आत धार काढणं चाललंच होतं.

तर तोच शब्द सरांच्या तोंडून आला. मी तरीही "हो सर" म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? विशेष मराठी त्यांच्या हातात होतं. घरी आले, कोरे कागद काढले, वर लिहिलं, 'दासीची उदात्त निष्ठा'. पुढे एक अक्षर उमटेना. आई कॅन घासून आली आणि पदराला हात पुसत माझ्याशी बसली.

"कुनाचं लिवतीस?"

"नाटकातल्या दासीचं."

"नाव काय तिचं?"

"नाव नाही तिला."

आईनं कागद हातात घेऊन बघितला. तिला वाचता येत नव्हतं. मग म्हणाली, "बिननावाची बाई आन तिच्यावर येवडं लिवायचं? लिव बाई," आणि उठून चुलीकडे गेली. मी कागद पुस्तकात घालून ठेवले.

स्नेहसंमेलनात नाटकाचा दुसरा अंक करायचा ठरला. दिग्दर्शन सरांचं. वर्गात जी कामं वाटली होती तीच स्टेजवर. राजा श्रीकांत, गोरा, उंच, आवाज मोठा. राणी मृणाल. दासी मी. फिलोमिना विंगेत पुस्तक घेऊन, कोणी वाक्य विसरलं की हळूच सांगायला. मला नको होतं ते काम. पण नाही म्हणायचं म्हणजे पुन्हा विशेष मराठी. मी गेले.

अंकाच्या शेवटी असं आहे. दासीला मारल्यावर राणी मूर्च्छित पडते. दोन शिपाई राणीला उचलून नेतात. पुढे पुस्तकात कंसात छापलंय, 'शिपाई दासीचे प्रेत घेऊन जातात'. मग राजा एकटा उरतो आणि ते प्रसिद्ध स्वगत म्हणतो.

तालमीत राणीला उचलायला शिपायांमध्ये भांडणं झाली. मी धरतो, तू सोड, पाय तू धर. मृणाल पडल्या पडल्या हसत होती. तिला नेऊन ती दोघं परत आली आणि माझ्यापाशी उभी राहिली. मी डोळे मिटून मेलेली. वाट बघतेय. हात काही लागेना. डोळे किलकिले करून बघितलं तर दोघं एकमेकांकडे बघतायत. एक जण वाकला, माझ्या दंडाजवळ हात आणला आणि मागे घेतला. पँटला पुसला. लागलेला नसताना पुसला.

"सर, जड आहे," दुसरा म्हणाला.

मी तेव्हा काडी होते. मृणाल माझ्या दीडपट. सगळ्यांना ते दिसत होतं.

सरांनी क्षणभर विचार केला. मला वाटलं, आता त्या दोघांना झापतील. नाटकाच्या बाबतीत ते फार कडक होते, एक काना इकडचा तिकडे चालायचा नाही. ते म्हणाले, "राहू दे. आपण अंधार करू. अंधार झाला की ही उठून जाईल." मग मला म्हणाले, "ऐकलंस ना? आपली आपण उठायचं आणि विंगेत जायचं. पायांचा आवाज करायचा नाही."

नाटककारानं तिला नाव दिलं नाही, पण उचलायला दोन माणसं तरी दिली होती. सरांनी तीही काढून घेतली. त्यानंतर रोज तालीम. रोज मी मरायचे. रोज अंधारात उठून, चपला नसलेल्या पायांनी, भिंतीला हात लावत विंगेत जायचे. तिथं भिंतीशी उभी राहून राजाचं स्वगत ऐकायचे. 'माझ्या राज्यात निरपराध्याच्या केसालाही धक्का लागणार नाही.' मला त्या आठवड्यात जेवण जाईना. पळून जावं वाटायचं आणि पळून जायला फक्त कल्याण होतं.

संमेलनाला आई आली. बाबांना धारेमुळे सुट्टी मिळाली नाही. आईनं पांढरं पातळ नीळ घालून धुतलं होतं. सभागृहात शेवटच्या रांगेत, कॉलेजच्या शिपायांच्या बायकामुलांजवळ ती अंग चोरून बसली. तिनं आयुष्यात नाटक बघितलं नव्हतं.

माझं वाक्य आलं. "दिवा कोणी लावला?" श्रीकांत गरजला.

"मी, महाराज."

लाकडी तलवार लागली. मी पायरीशी पडले. राणी किंचाळली, मूर्च्छित झाली, शिपायांनी तिला अलगद उचलली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. अंधार झाला.

मी काही ठरवून गेले नव्हते. कोणी विचारलं तर आजही हेच सांगेन. गालाखाली स्टेजची फळी होती, गार, धुळीचा वास असलेली. उठायचं, एवढंच करायचं होतं. मला आत्या दिसली. गोणपाटावर पडलेली. बाजू में लो इसको. आणि मनात आलं, आत्याला जर कोणी म्हटलं असतं, बाई, गाडी खोळंबलीय, आपली आपण ऊठ आणि बाजूला हो. तर? माझ्या अंगात राग भरला. इतके दिवस मला लाज वाटायची, वासाची, आडनावाची, कोणी हात न लावलेल्या दंडाची. त्या अंधारात लाज संपली आणि नुसता राग उरला.

विंगेतून फिलोमिनाचा आवाज. "ऊठ गो! ऊठ ना!"

मी हलले नाही.

"काय झाला गो तुला?"

मग ती थांबली. तिला कळलं. अगदी हळू म्हणाली, "बरा. पडून ऱ्हा."

दिवे लागले.

श्रीकांत शेला सावरत पुढे आला आणि मला बघून थबकला. पहिलं वाक्य गेलं. फिलोमिनानं सांगितलं. त्यानं म्हणायला सुरुवात केली, पण त्याला चालायला जागा नव्हती. मी बरोबर मध्ये. तो माझ्या डोक्याकडून वळला, मग पायांकडून. शेला माझ्या हाताला अडकला, तो त्यानं झटकला. सगळं सभागृह आता राजाकडे न बघता माझ्याकडे बघत होतं. त्यानं हात वर केला. "माझ्या राज्यात निरपराध्याच्या केसालाही धक्का..."

"आरं आधी तिला उचला की!"

शेवटच्या रांगेतून. माझ्या आईचा आवाज.

पुढच्या रांगेत कोणीतरी हसलं. पण शेवटच्या रांगेतून दुसरा आवाज आला, बहुतेक आमच्या कॉलेजातल्या शिपायाचा. "बरोबर बोलतेय बाई. मुडदा असा टाकतात का?" विंगेतून सरांचा आवाज, "पडदा! पडदा पाडा!"

पडदा पडला तेव्हा मी उठले. सर समोर आले. चेहरा पांढरा.

"काय केलंस हे?"

"सर, पुस्तकात शिपाई प्रेत नेतात. कोणी आलं नाही."

त्यांनी हात उगारला नाही. ते तसले नव्हते. त्यांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला आणि थंड आवाजात म्हणाले, "उद्या वर्गात सगळ्यांसमोर माफी मागायची. आणि तो निबंध, मी सांगितला तसा. दोन्ही झालं तर विशेष मराठी. नाहीतर विसर."

बस थांब्याशी आई रडवेली झाली होती. "माझ्या तोंडातनं गेलं, पोरी. तू हलंचना. मला वाटलं खरंच लागलं. तुझं वाटोळं तर न्हाय ना केलं मी?"

"नाही, आई."

"त्या राजानं खाली बघितलंच न्हाय बघ तुझ्याकडं. येवडा मोठा मुकुट घालून."

मी तिला मिठी मारली नाही, आम्ही तशा नव्हतो. तिच्या पिशवीचा एक बंद मी धरला, एक तिनं धरला. घरी गेल्यावर मी ते कोरे कागद काढले. 'दासीची उदात्त निष्ठा' हे वरचं शीर्षक तसंच होतं. कागद चुलीत घातले आणि पहिला निबंध, सरांनी परत केलेला, तो पिशवीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी वर्गात लवकर गेले. खिडकीशी गेले नाही. पहिल्या बाकावर, मधोमध बसले. मृणाल आली, मला बघून दुसऱ्या बाकावर गेली. तिच्याबरोबरची मुलगीही गेली. सगळा बाक मला एकटीला. फिलोमिना आली, दारात उभी राहिली, मग येऊन माझ्या शेजारी बसली. "आज वारा बंद," एवढंच म्हणाली.

सर आले. हजेरी घेतली नाही. टेबलाला टेकून उभे राहिले. सगळा वर्ग वाट बघत होता.

"काल नाटकाचा विचका कोणी केला?"

हुबेहूब राजासारखं विचारलं त्यांनी. तोच सूर. उत्तर काय हवंय तेही ठरलेलं. मी उभी राहिले. मी, सर. एवढं म्हटलं की संपत होतं सगळं. कल्याण टळत होतं. माझ्या घशाशी ते दोन शब्द आले होते, खोटं कशाला सांगू.

"शिपायांनी," मी म्हणाले. "मी मेलेली होते, सर."

मागे कोणीतरी फुस्सकन हसलं. सर लाल झाले.

"निबंध आणलायस?"

मी पिशवीतून काढला आणि टेबलावर ठेवला. त्यांनी पहिलं पान बघितलं. त्यांचीच लाल शाई.

"हा तोच आहे."

"हो सर. तोच आहे."

"विशेष मराठी तुला मिळणार नाही, समजलं? आणि आधी त्या बाकावरून ऊठ. तुझी जागा खिडकीशी आहे."

मी बसले. मला तेव्हा भीती वाटत नव्हती असं नाही. बाकाची कड मी दोन्ही हातांनी धरली होती.

"सर, मला इथून हलवायचं असेल तर दोन माणसं बोलवा. उचलून न्या. मी आपली आपण उठणार नाही."

सरांनी वर्गाकडे बघितलं. शिपाई झालेली ती दोन मुलं तिथंच होती. ती खाली बघत राहिली. कोणी आलं नाही. तास संपल्याची घंटा होईपर्यंत सर काही शिकवू शकले नाहीत आणि मी उठले नाही.

विशेष मराठी मला मिळालं नाही. मी दुसऱ्या विषयात कशीबशी बी.ए. झाले. मराठीची शिक्षिका झाले नाही, ते राहिलं ते राहिलंच, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. कल्याणला मात्र मी नाही म्हणाले. बाबा बरेच दिवस बोलले नाहीत.

ते नाटक अजून लागतं. लागलं की मी जाते आणि पहिल्या रांगेत बसते. दासी म्हणते, मी, महाराज. मग ती मरते, अंधार होतो, आणि दिवे लागतात तेव्हा स्टेज स्वच्छ असतं. राजा बोलायला लागतो, लोक डोळे पुसतात. मी पुसत नाही. मी त्या मोकळ्या पायरीकडे बघत बसते, जिथं ती पडली होती.

माझ्या आत्याचं नाव सखूबाई. हे नाव मी इथं लिहून ठेवते आहे. आणि ज्यांना ज्यांना आपली गाडी पुढं काढायची आहे त्यांना सांगते आहे, मी दारात आहे. मला बाजूला करायचं असेल तर वाकावं लागेल, हात लावावा लागेल, उचलावं लागेल. अंधार केलात तरी मी उठणार नाही.